अंगठाभर जागा

“सहा नंबर दाखवा,” प्रमिला म्हणाली.

“सात,” मी म्हणालो.

“सहा.”

“अगं, डोंगरात पळायचे बूट घेतोय आपण. लग्नात मिरवायच्या चपला नाहीत. सातच लागणार.”

“पाय कुणाचे आहेत?” असं म्हणून ती समोरच्या बाकावर बसली आणि सँडलचा पट्टा सोडायला लागली.

दुकानदार शिरसाट आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. चाळिशीचा, हसतमुख, स्वतःही पळणारा माणूस. डोंगरातल्या वाटांवर पळायचे बूट मिळणारी दुकानं तेव्हा पुण्यातसुद्धा बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यातलं हे बरं, असं आमच्या साताऱ्याच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचं मत. म्हणून शनिवारची पहाटेची एसटी पकडून आम्ही आलो होतो. त्यांनी शटर वर केलं तेव्हा आम्ही पायरीवर हजर. माझं डोकं तिथपासूनच फिरलेलं होतं, कारण असले बूट सकाळी घ्यायचे नसतात. दिवसभर वावरून पाय जरा सुजतात, पळताना तर आणखी सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी बघायचे. हे मला शिकवलं कुणी? हिनेच. ग्रुपमधल्या झाडून सगळ्या बायकांना ती हे सांगायची. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा म्हणे, “सकाळीच जाऊन येऊ, दुपारी ऊन होतं.” कसलं ऊन? गणपती नुकते उठले होते, आभाळ अजून भरलेलं होतं.

पुढच्या रविवारी तिची शर्यत होती. ठोसेघरच्या बाजूला डोंगरात चढायचं, पठारावरून चिखलातून पळायचं आणि मग डोंगराच्या एका निमुळत्या सोंडेवरून थेट खाली उतरायचं. पंचेचाळिशीच्या वरच्या बायकांमध्ये ती गेली काही वर्षं लागोपाठ पहिली आली होती, आणि यंदाही तीच येणार असं सगळे धरून चालले होते. जुन्या बुटांचे तळवे झिजून निघायला आले होते. नवे बूट आठवडाभर वापरून पायाला सवय करायची, म्हणजे घ्यायचे तर त्याच दिवशी घ्यायला हवे होते.

आता माझं थोडं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, बायकोच्या बुटांवरून हा बाबा एवढा का तापलाय.

मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. पन्नाशी ओलांडली आणि कारखाना बंद पडला. खायचे वांधे झाले नाहीत, प्रमिलाची शाळेतली नोकरी होती. पण मी जो आडवा झालो तो उठेना. दुखत काहीच नव्हतं. नुसतं उठवायचं नाही. सकाळी भिंतीकडे तोंड करून पडायचो, ते दुपारी केव्हातरी दोन घास गिळण्यापुरता बसायचो आणि परत पडायचो. नातेवाईक म्हणायचे, आळस अंगात मुरलाय. मला वाटायचं, खरंच असेल. दोनेक वर्षं अशीच गेली. मग एके दिवशी प्रमिला म्हणाली, “अहो, मला सकाळी पळायला जायचंय. पण अंधारात कुत्री अंगावर येतात. तुम्ही काठी घेऊन सोबत चला.” मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली आणि कोपऱ्यावरून कुत्र्यांचा गलका ऐकू आला, तसा मी काठी घेऊन बाहेर आलो.

त्या दिवसापासून रोज. ती पुढे पळायची, मी मागून सायकलवर. बाई मूळची जावळीच्या खोऱ्यातली, शाळेला जाता-येता डोंगर चढलेली. रस्त्यावर ती बेताचीच पळायची, पण अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेला लागली की भल्याभल्यांना मागे टाकायची. मग ग्रुप झाला, शर्यती आल्या, बक्षिसं आली. आणि मला काम मिळालं. पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, वेळा टिपणं, पोटऱ्यांना तेल लावणं, काळी पडलेली नखं कापणं, सगळं माझ्याकडे. लोक मला चेष्टेनं मॅनेजर म्हणायचे. म्हणेनात का! तिची शर्यत ही माझी नोकरी होती. ती नोकरी गेली तर माझ्यापाशी पुन्हा ती कॉट आणि ती भिंत, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याची मला भीती वाटायची.

तर शिरसाटांनी सहा नंबरचा बूट आणला. हिनं पर्समधून मोजे काढले. ते बघून मी कपाळावर हात मारला.

“हे शाळेत घालायचे नायलॉनचे मोजे आहेत पमे! पळायचे जाड कुठायत?”

“सापडले नाहीत.”

“सापडले नाहीत कसे? हे घे.” मी पिशवीतून जाड मोजे काढून तिच्यापुढे धरले. “मी आणलेत. मला माहीत होतं, तू विसरणार.”

कौतुक राहिलं बाजूला, तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जणू तिच्या ताटात खडा टाकला. मोजे घेतले, घातले आणि त्यावर तो सहा नंबरचा बूट चढवायला लागली. चढेना. टाच आत जाईना. शिरसाट वाकून शूहॉर्न पुढे करायला लागले तर म्हणाली, “राहू द्या,” आणि पाय जमिनीवर आपटून आपटून आत कोंबला.

“काकू, जरा घट्ट वाटतोय का?” शिरसाटांनी विचारलं.

“छे. एकदम बरोबर.”

“एकदा फळीवर चालून बघा.”

त्या दुकानात एक सोय होती. एका कोपऱ्यात तिरकी फळी ठोकलेली, तिच्यावर बारीक खडी चिकटवलेली. शेजारी काळ्या कातळाची एक फरशी, तीही तिरकी, आणि तिच्यावर तांब्याने पाणी ओतायचं. बूट खडीवर घसरतो का, ओल्या कातळावर धरतो का, ते तिथेच कळायचं. आमच्याकडच्या डोंगरात ओला कातळ हाच खरा वैरी. तळव्याला कितीही मोठाले दात असू देत, रबर टणक असेल तर माणूस साबणावर पाय पडल्यासारखा जातो.

कातळावर ती व्यवस्थित चालली. मग फळीवर चढली, वर जाऊन वळली आणि उतरायला लागली. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो. पुढे जागा नसेल तर बोटं टोकावर आदळतात, आणि तासभर असं आदळत राहिलं की नखाखाली रक्त साकळतं. ती उतरताना मी तिच्या पायांकडे बघत नव्हतो, तोंडाकडे बघत होतो. दुसऱ्याच पावलाला तिचा खालचा ओठ दातांत गेला.

“लागतंय,” मी म्हणालो.

“नाही.”

“बस खाली.”

“नाही लागत म्हटलं ना!”

मी तिला बाकावर बसवली, गुडघे टेकले आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. तिथे नखच हाताला लागलं. सुताएवढीसुद्धा जागा नाही.

“अंगठाभर जागा पाहिजे,” मी म्हणालो. “पायाच्या बोटापुढे हाताचा आडवा अंगठा मावला पाहिजे. कुणाचं वाक्य आहे हे? गेल्या महिन्यात त्या ढवळीकर वहिनींना भर रस्त्यात बूट काढायला लावलेस तू! परत करून या म्हणालीस!”

“त्यांचे पाय वेगळे.”

“शिरसाट, सात नंबर आणा हो.”

“आणू नका,” प्रमिला म्हणाली. “सहाच द्या. पॅक करा.”

“पॅक करायचे नाहीत!”

“अहो, हळू बोला.”

“का हळू बोलू? मी काय चोरी केलीये? सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही! पुढच्या रविवारी त्या सोंडेवरून उतरताना काय होणार माहितीये ना तुला? निम्म्यात पोचेपर्यंत दोन्ही अंगठे ठणकायला लागतील. मग लंगडशील, मग बसशील. शर्यत सोडायची वेळ येईल पमे, शर्यत!”

शिरसाट बिचारे “मी गोदामात सात नंबर बघून येतो” म्हणून आत सटकले. नवराबायकोच्या भांडणात कोण थांबतो?

प्रमिलानं बूट काढले. नीट जोडीनं बाकाखाली ठेवले, सँडल घातली आणि पिशवी तिथेच टाकून ती दुकानाबाहेर गेली.

मी दोन मिनिटं धुमसत बसलो. मग पिशवी उचलली आणि बाहेर आलो. शेजारी एका टेलरचं बंद दुकान होतं, त्याच्या पायरीवर ती बसली होती. मला वाटलं होतं, रागावलेली असेल. पण ती रागावलेली नव्हती. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई एवढी दमलेली मी कधी बघितली नव्हती. किंवा बघितली असेल, पण त्याला मी पळण्याचा शीण समजत आलो होतो.

मी शेजारी बसलो.

“काय झालंय?” मी विचारलं.

“काही नाही.”

“पमे.”

समोर दोन माणसं मांडवाचे बांबू सोडवत होती आणि टेम्पोत भरत होती. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, “तुम्ही म्हणालात ना, निम्म्यात लंगडशील, मग बसशील.”

“मग? खोटं आहे का?”

“खरंय. मला तेच पाहिजे होतं.”

मला काही कळलं नाही. “काय पाहिजे होतं?”

“बसायचं होतं मला. त्या सोंडेवर एखाद्या दगडावर बसून म्हणायचं होतं, आता नाही होत. नखं काळी पडली की कुणी काही विचारत नाही. ग्रुपवाले म्हणाले असते, बूट चुकले. तुम्हीही बुटांना शिव्या दिल्या असत्या. मग महिनाभर सुट्टी. मग म्हटलं असतं, पाय पहिल्यासारखे राहिले नाहीत आता.” ती थांबली. “तुम्ही मेले जाड मोजे घेऊन आलात.”

“म्हणजे तुला ही शर्यत पळायची नाही?”

“मला पळायचंच नाही हो.”

“यंदा?”

“कधीच नव्हतं.” तिनं माझ्याकडे बघितलं. “मला पळायला आवडत नाही. पहिल्या दिवसापासून आवडत नाही. छाती फुटते, सगळं अंग घामानं चिकट होतं, घरी येऊन डबा करायचा, शाळेत दिवसभर उभं राहायचं. संध्याकाळी फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बक्षीस मिळालं की लोक टाळ्या वाजवतात तेवढं बरं वाटतं. पण त्याच्यासाठी कोण पळतं?”

“मग कशाला पळालीस एवढी वर्षं?” माझा आवाज चढला होता. “मी काय तुझ्या पाठीत काठी घातली होती?”

“काठी घेऊन मागे तर येत होतात,” ती म्हणाली. मला हसू आलं नाही, तिलाही आलं नाही. “तुम्ही आडवे होतात तेव्हा डॉक्टर माजगावकरांकडे मी एकटी गेले होते. तुम्ही येत नव्हतात ना! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, गोळ्या देतो, पण हा माणूस स्वतःसाठी उठायचा नाही. दुसऱ्या कुणाला गरज आहे म्हटल्यावर कदाचित उठेल. मग मी काय काय करून बघितलं. दूध आणा म्हटलं. शिवणाच्या क्लासला सोडायला चला म्हटलं. माझी कंबर धरलीये म्हणून दोन दिवस झोपून राहिले, तर तुम्ही पलीकडच्या खोलीत झोपलेले. शेवटी कुत्र्यांचं सुचलं.”

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिलो.

“मला वाटलं, महिनाभर पळेन. तुम्ही जरा सावरलात की सोडून देईन. पण तुम्ही इतके फुललात हो त्यात. वेळा काय टिपायला लागलात, तक्ते काय काढायला लागलात. दाढी करायला लागलात रोज. मी थांबायचं ठरवलं की तुम्ही पुढची शर्यत शोधून आणायचात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं माझं. मला भीती वाटायची, मी थांबले की तुम्ही परत आडवे व्हाल. परत तसं बघायची माझ्यात ताकद नाही. त्यापेक्षा पळालेलं परवडलं.”

आणि मग ती रडायला लागली. रस्त्यात, परक्या गावात, तोंडाला पदर लावून. शाळेत पोरांना नजरेनं गप्प करणारी बाई. मला राग आला होता तो कुठल्या कुठे गेला, आणि त्या जागी इतकी लाज, इतकी माया दाटून आली की मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचंसुद्धा सुचेना. नुसता बसून राहिलो.

“नको पळूस,” शेवटी मी म्हणालो.

“आणि तुम्ही?”

“माझं काय?”

“तुम्ही काय कराल?”

“मी बघेन माझं” म्हणणं सोपं होतं, पण तिच्याशी खोटं बोलायची ती वेळ नव्हती. मी म्हणालो, “मला माहीत नाही पमे.”

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली. तिला बहुतेक तेच उत्तर अपेक्षित होतं.

तेवढ्यात शिरसाट दुकानातून धावत बाहेर आले. केसांत धूळ, हातात खोका.

“काकू, सात मिळाला! एकच जोड होता, पार तळाशी. तुमच्यासाठीच राहिला होता बघा.”

आम्ही दोघं पायरीवर बसलेलो, हिचे डोळे लाल, नाक लाल. ते एकदम ओशाळले.

“शिरसाट,” मी उठत म्हणालो, “माफ करा, तुम्हाला उगाच गोदामात घुसवलं. बूट नकोत.”

“नकोत? मग रविवारी काकू कशावर पळणार?”

“रविवारी काकू झोपणार आहेत.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. ते हसले, मग हिच्याकडे बघितलं आणि हसायचे थांबले. प्रमिला म्हणाली, “बूट चांगले आहेत हो तुमचे. कातळावर छान धरतात.” परक्या माणसाला वाईट वाटायला नको, ही तिची सवयच.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. कात्रजचा बोगदा यायच्या आत तिला झोप लागली होती, ती थेट सातारा स्टँडपर्यंत. तोंड उघडं, डोकं माझ्या खांद्यावर. मी वाटभर जागा होतो. ग्रुपला काय सांगायचं, शर्यतीत भरलेलं नाव कसं काढायचं, असले विचार वरवर चालले होते. खाली एकच चाललं होतं. उद्या सकाळी काय?

घरी आल्यावर आम्ही पिठलं-भात खाल्ला आणि लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मला नेहमीच्या वेळेला जाग आली. बाहेर अजून अंधार होता. आणि उठवेना. ते तसंच होतं, जसंच्या तसं. हातपाय जड, छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं. मी समजत होतो की गेलं ते. कुठलं जातंय? ते तिथेच बसून होतं. म्हणत होतं, आता कुणासाठी उठतोस? बाटल्या भरायच्या नाहीत, तेल तापवायचं नाही, वेळ टिपायची नाही. ती झोपलीये, तूही झोप. काय बिघडणार आहे? मी भिंतीकडे वळलोसुद्धा. भिंतीचा तो गारवा कपाळाला लागला आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

किती वेळ तसा पडून होतो कोण जाणे. मागे प्रमिलाचा श्वास ऐकू येत होता. आणि मला कळलं की ती झोपलेली नाही. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो, इतका बेतानं घेतलेला. ती डोळे मिटून, अंगाची हालचाल न करता वाट बघत होती. मी उठतो का नाही, याची. काहीही विचारणार नव्हती, हाक मारणार नव्हती. मी नसतो उठलो तर थोड्या वेळानं तीच उठली असती, जुने फाटके बूट घातले असते आणि म्हणाली असती, “अहो, कुत्री अंगावर येतात.”

मी एक पाय खाली सोडला. फरशी गार होती. मग दुसरा सोडला. बसलो. तेवढ्यानंच मला धाप लागल्यासारखं झालं. मग उभा राहिलो, शर्ट घातला, अंधारात चपला चाचपल्या.

“कुठे निघालात?” तिनं डोळे न उघडता विचारलं.

“दूध आणतो.”

“दूध आहे. कालच दोन पिशव्या आणल्यात.”

“मग असाच जाऊन येतो जरा.”

तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

“या,” ती म्हणाली, आणि कूस बदलून पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. प्रमिला आता देवाला फुलं आणायलासुद्धा रिक्षानं जाते, आणि मला कधी उठवतं, कधी मुळीच उठवत नाही. पण त्या दिवशी मी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ नावाच्या स्मारकाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. धावलो-बिवलो नाही, रखडत गेलो आणि रखडत आलो. परत आलो तेव्हा ऊन स्वयंपाकघरात आलं होतं, शेजाऱ्यांचा रेडिओ चालू झाला होता, आणि ती झोपलेली होती. खरोखरची झोपलेली, हलकी घोरत. मी चहा टाकला आणि तिला हाक मारली नाही.